माझ्या वाट्याची मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आम्हा खान्देशी लोकांची देवी, बसते. त्याच्या एक-दोन दिवस आधी रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजायचे असत. ओसरीवर घोंगडी, घोंगडीवर सूप आणि सुपासमोर माझे वडील, आबा, आंघोळ करून, टोपी घालून बसलेले. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. आजोबांच्या नावाने, मोठ्या काकांच्या, स्वतःच्या, दादाच्या. एका वर्षी पाळण्यातल्या चुलतभावाचं नाव आलं, तो अजून मानही धरत नव्हता. आधी गच्च भरलेली मूठ, मग पाच बोटांच्या चिमटीतली वरची पाव. ती पाव टाकताना आबांचा हात फार जपून चालायचा. दाणे कमी पडू नयेत आणि जास्तही जाऊ नयेत, कारण ते दाणे म्हणजे माणूस होता.

मी सात-आठ वर्षांची असेन. नावं संपली, आबांनी सूप उचललं, तेव्हा मी विचारलं, "आबा, मन्हं नाव?" आबा काही बोलले नाहीत. आतून मोठी माय म्हणाली, "पोर परकं धन. तुन्ही मूठ कसानी?"

पुढे सासरी गेले तेव्हा कळलं, तिथेही मूठ पुरुषांचीच असते. म्हणजे मी कुठल्याच सुपात नव्हते.

माझा देवावरचा विश्वास त्याच दिवशी उडाला असं लिहिलं तर गोष्ट छान जुळेल. पण तसं झालं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी कानबाईच्या रात्री जागून गाणी म्हटली, नारळाला नथ घालताना मायला हातभार लावला, सोमवारी विसर्जनाला नदीवर नाचले. आणि शिवाय, एखादी रीत अन्यायाची आहे म्हणून देव नाही असं सिद्ध होत नाही. फार तर एवढंच कळतं की रीत माणसांनी केली आणि नाव देवाचं घातलं. माझं न मानणं हळूहळू आलं. उन्हाळ्यात पांझरा आटते ना, तसं. आज आटली असा कुठला दिवस सांगता येत नाही. एक दिवस आपण पात्रातून चालत पलीकडे जातो आणि लक्षात येतं, पाय कोरडे आहेत.

मी बारावीपर्यंत अमळनेरला शिकले. त्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी ते उभं केलं आणि लांबलांबची विद्वान माणसं ब्रह्म म्हणजे काय याचा विचार करायला तापी-बोरीच्या या मुलखात येऊन राहिली. आमच्या वयाच्या मुलींना त्यातलं काही कळत नव्हतं. पण 'आहे की नाही' हा प्रश्न विचारायला कुणीतरी इमारत बांधतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटायची. घरी तो प्रश्न विचारला की 'गप बस' ऐकावं लागायचं. त्याच गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० शाळेत शिकवत होते. गुरुजी अंतर्बाह्य श्रद्धाळू. आणि विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले तेही गुरुजीच. हे मी मुद्दाम लिहिते आहे. देव मानणारा माणूस म्हणजे बुद्धीने कमी, असं मला कधी वाटलं नाही आणि तसं बोलणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. मला ज्यांनी वाढवलं ती सगळी माणसं देव मानणारी होती.

आगरकर मला वाचनालयात भेटले. जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा लोकांनी पुण्यात काढली आणि जे ३९व्या वर्षी खरंच गेले, त्या माणसाच्या लिहिण्यात कुठे कडवटपणा नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. आपल्याला जे पटत नाही ते पटत नाही असं सांगायचं, आवाज न चढवता, आणि मग त्याची किंमत द्यायची. माझी किंमत फार नव्हती. सासूबाईंनी दोन वर्षं माझ्या हातचा नैवेद्य देवापुढे ठेवला नाही, इतकंच. मायने मात्र एकदाच विषय काढला आणि एका वाक्यात संपवला. "तुले पटत नई ते नको करू, पन मन्हं मोडू नको."

आम्ही दोघींनी तो करार शेवटपर्यंत पाळला. चैत्रात ती गावच्या बायकांबरोबर पायी वणीला सप्तशृंगीच्या गडावर निघायची. आम्हा खान्देशातल्या लोकांना ती देवी घरचीच वाटते. एका वर्षी तिचा गुडघा धरला होता म्हणून मी सोबत गेले. अनवाणी माणसांची रांग, डोक्यावर पदर, पायाला फडकी, रस्त्याकडेला कुणी कलिंगड कापून देतंय, कुणी अनोळखी बाईचे पाय चेपतंय. गडाच्या पायऱ्या संपल्या आणि ती अठरा हातांची मूर्ती समोर आली, तेव्हा माय रडायला लागली. मला रडू आलं नाही. पण तिच्या पाठीवर माझा हात होता, आणि तिच्या पाठीतून काहीतरी उतरतंय हे हाताला कळत होतं. त्याला मी काय नाव देऊ? देव नसेलही, पण ते उतरणं खरं होतं. २०२२ मध्ये मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला आणि आतलं जुनं रूप दिसलं, तेव्हा मी तिला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "माय तर आजून तरनी शे."

मी आरोग्यसेविका. नोकरीची पहिली बरीच वर्षं अक्राणीत गेली, म्हणजे धडगावच्या डोंगरात. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, त्यात चार आईस पॅक, ते वितळायच्या आत तीन पाडे करायचे. सातपुड्यात एक पाडा म्हणजे एक टेकडी. देव नाही मग चांगलं वागायचं कशासाठी, हा प्रश्न मला पुष्कळ लोकांनी विचारला आहे. मला वाटतं तो खोलीत बसून पडणारा प्रश्न आहे. बॅटरीच्या उजेडात बाई अडलेली असते, तिची सासू तुमचं मनगट धरून असते, तेव्हा 'कशासाठी' सुचत नाही. हात आपोआप पुढे होतात. तिच्या सासूच्या तोंडात देवीचं नाव असतं, माझ्या डोक्यात पायरीमागून पायरी असते, आणि दोघींचे हात एकाच ठिकाणी असतात.

तिथे सिकलसेल पुष्कळ. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांमध्ये हा आजार घराघरात माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की पोरगं रात्रभर ओरडतं. एका पाड्यावर चार वर्षांचा मुलगा होता. हातापायांना सूज, डोळे पिवळे. तपासणीत निदान झालं. भगताने सांगितलं होतं की देव रुसलाय. त्याची आई माझ्यासमोर बसली आणि तिने एकच विचारलं. माझी तीन पोरं, दोन चांगली, मग यालाच का?

मी तिच्या अंगणातले मक्याचे दाणे घेतले. दोन पांढरे, दोन लाल. एक पांढरा-एक लाल तिच्या पुढ्यात ठेवला, एक पांढरा-एक लाल तिच्या नवऱ्याच्या. तुमच्या दोघांच्या अंगात एकेक लाल दाणा आहे, म्हणून तुम्ही दोघं बरे आहात, एका लाल दाण्याने काही होत नाही. पोर होताना दोघांकडून एकेक दाणा येतो. कुठला येईल ते कुणाच्या हातात नाही. दोन्ही लाल आले की आजार. चारात एक वेळ. प्रत्येक बाळंतपणात पुन्हा चारात एक. ती दाणे हलवून बघत राहिली. पांढरा-पांढरा, पांढरा-लाल, लाल-पांढरा, लाल-लाल. शेवटच्या जोडीवर तिचं बोट थांबलं. मग म्हणाली, म्हणजे मी काही केलं नाही?

नाही, मी म्हटलं. तू काही केलं नाहीस. आणि कुणी रुसलंही नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं का, कुणास ठाऊक. कारणाने डोकं शांत होतं, पण पोर रात्री ओरडतं तेव्हा कारण उशाला घेता येत नाही. म्हणून मी तिला आणखी एक सांगितलं, जे मला प्रशिक्षणात ऐकताना अंगावर काटा आला होता. अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरने १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं की ज्यांच्या अंगात एकच लाल दाणा असतो, त्यांना हिवतापाने सहसा मरण येत नाही. या डोंगरात पिढ्यान् पिढ्या हिवताप होता. माणसं त्याने जायची. ज्यांच्याकडे तो एक दाणा होता ती तगली, त्यांना पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली. तुझ्या पणजीला ज्याने वाचवलं, तोच दाणा दोन्हीकडून आला म्हणून तुझं पोर आजारी आहे. हा शाप नाही. हे तुझ्या वाडवडिलांचं जगणं आहे, त्याची किंमत तुझ्या लेकराच्या वाट्याला आली.

ती बाई रडली नाही. तिने ते चार दाणे पदराला बांधले.

मुलाच्या बापाने नवस बोलला होता. होळीला तो अंगाला राख फासून, कमरेला घुंगरं बांधून, मोरपिसांचा टोप घालून बावा होणार होता. तसा नवस केला की कडक पाळणी असते. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, बायकोपासून दूर राहायचं. मी त्याला नवस सोड म्हटलं नाही. म्हटलं, तुझी पाळणी होळीपर्यंत आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीची पाळणी रोजची. भरपूर पाणी पाजायचं, थंडीत उघडं ठेवायचं नाही, ताप आला की भगताकडे जा, पण आधी दवाखान्यात. पुढच्या फेरीला गेले तर कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. दर दिवसाला एक. मी मोजल्या. एकही दिवस चुकला नव्हता. त्या रेघांइतकी पवित्र गोष्ट मी कुठल्याच देवळात पाहिलेली नाही. तो बाप देव मानत होता आणि मी मानत नव्हते, आणि त्या भिंतीसमोर आम्हा दोघांत काही फरक उरला नव्हता. मुलगा आता बारावी झाला आहे. थंडीत दुखतंच.

सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत. एका पावसाळ्यात एक लहान मुलगी गेली. नदीला पूर होता, झोळी करून आणणारी माणसं अलीकडच्या काठावर अडकली. मी पलीकडे उभी होते. त्या रात्री मला देव हवा होता. निदान भांडायला, विचारायला कुणीतरी हवं होतं. न मानणाऱ्याचं एकटेपण काय असतं ते मला त्या रात्री कळलं. दार ठोठावायला दारच नसतं.

आणि दुसरं एकटेपण त्याच्या उलट असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मूल पायाळू आलेलं असतं, निळं पडलेलं असतं, आणि मग ते रडतं. अशा वेळी छातीत काहीतरी भरून येतं आणि ते कुणाच्या तरी पायावर ठेवावंसं वाटतं. सगळे हात जोडतात. मी कुणाला जोडू? पुष्कळ वर्षं मला हे सुटलं नाही. मग मी एक वही केली. त्या दिवशी ज्यांच्यामुळे जीव वाचला त्यांची नावं त्यात लिहायची. रात्री दीडला जीप काढणारा चालक. गरम पाणी करत राहिलेली दाई. आधीच्या आठवड्यात रस्त्यावरची दरड हटवणारे चौघे, त्यांची नावं मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले. यादी दरवेळी वाटते त्याहून लांब निघते. आता तशा चार वह्या झाल्या आहेत.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी लसीकरणाच्या सत्रात असताना डॉ. दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्याचं कळलं. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाशी आहे, हे ते वर्षानुवर्षं शांतपणे सांगत राहिले. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या दिवशी एक आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझा हात थरथरत होता, म्हणून मी सिरिंज खाली ठेवली आणि दोन मिनिटं बाहेर जाऊन आले. मी त्यांना कधी भेटले नव्हते. तरी घरचं कुणी गेल्यासारखं झालं. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारी माणसं साऱ्या देशात ३३ हजारांच्या आसपास निघाली. एवढ्या मोठ्या देशात एवढीशी मूठ! खरी संख्या याहून मोठी असणार, असं मला वाटतं. पुष्कळ जण घरी माय असते म्हणून बोलत नाहीत.

माझी माय दोन वर्षांपूर्वी माघात गेली. आमच्याकडे दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत. मी गेले, आणि कुणी अडवलं नाही. पिंड मांडले. कावळा येईना. ऊन चढू लागलं. एक चुलते म्हणाले, तिच्या मनात काहीतरी राहिलं आहे. मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. दादा म्हणाला, आबा असेतो घराची वाटणी होणार नाही. वहिनी म्हणाली, कानबाई बंद पडू देणार नाही. कावळा बाभळीवर होता, खाली उतरत नव्हता. मग चुलते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, काकुळती होती. "बेटा, तू म्हन. देवले दिवा लावसू म्हन. त्येन्हामुळेच अडकेल शे ती."

चार शब्द होते. म्हणून टाकले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं, असं मला त्या क्षणीही कळत होतं. पण माय कुठेच नसेल तर ते शब्द तिच्यासाठी नव्हतेच. आणि ती कुठे असेल, तर तिला कळलंच असतं की पोरगी खोटं बोलते आहे. आम्ही दोघींनी आयुष्यभर एकमेकींना त्या एका बाबतीत कधी फसवलं नव्हतं. तिला खोटं बोलून वाटेला लावायचं माझ्याच्याने झालं नाही.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "माय, आबांच्या गोळ्यांचं मी बघेन. दर रविवारी येईन."

समोर नदी होती, वाळू होती. तिकडून कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक होतं. पण घाटाच्या पायरीवर डोक्याला पंचा गुंडाळून आबा बसले होते, त्यांनी ऐकलं. दादाने ऐकलं. पंचवीस-तीस माणसांनी ऐकलं. त्यानंतर ते वाक्य माझ्याकडून सुटणं शक्य नव्हतं.

कावळा शिवलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि आम्ही घरी आलो.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. दादाने मायच्या नावाने घागर भरली, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या, निखाऱ्यांवर आगारी टाकली. बाहेर वैशाखाचं ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मी त्या घागरीजवळ बसून राहिले. कुणी येऊन पाणी पिणार नाही. पण या बाईने चाळीस वर्षं विहिरीवरून पाणी ओढलं आणि वर्षातून एक दिवस तिच्यासाठी कुणीतरी घागर भरून ठेवतं. यात मला न पटण्यासारखं काही सापडेना. देव माझ्याकडून सुटला, पितर सुटत नाहीत. धडगावच्या त्या बाईला दाणे मांडून दाखवले, तेव्हाच मला माझंही काहीतरी दिसलं असावं.

रविवार चालू आहेत. धुळ्याहून सकाळची एसटी, तासाभरात गाव. आबांना कंपवात आहे. गोळ्या वेळच्या वेळी लागतात, अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी हात ऐकत नाहीत. सात दिवसांची डबी, दिवसाला चार खण. मी ओसरीवर बसून ती भरते. कधी मायबद्दल बोलतो, कधी कापसाच्या भावाबद्दल, पुष्कळदा काहीच नाही.

गेल्या श्रावणात कानबाईच्या आधी दोन दिवस सुट्टी होती म्हणून मी लवकर गेले. ओसरीवर घोंगडी पडलेली होती, सूप होतं. आबा आंघोळ करून, टोपी घालून बसलेले. दादा म्हणाला, आबा, यंदा मी मोजतो. आबांनी मान हलवली, नको. एकेक नाव घेऊन मोजू लागले. मूठ थरथरायची, दाणे घोंगडीवर सांडायचे, ते पुन्हा सुरुवात करायचे. दादाचं झालं, पुतण्याचं झालं. मी शेजारी बसून गोळ्या भरत होते. आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

मला आधी वाटलं हाक मारली. वर पाहिलं तर त्यांचा हात पोत्यात होता.

"आबा, राहू द्या," मी म्हटलं. "मी यातलं काही मानत नाही. आणि लग्न झालेल्या पोरीने रोट खायचा नसतो."

"तू नको खाऊ," आबा म्हणाले. "माले मोजू दे."

त्यांनी मूठ भरली. अर्धे दाणे वाटेतच सांडले. चिमटीने वरची पाव घ्यायला गेले तर बोटं जुळेनात. मी डबी बाजूला ठेवली आणि घोंगडीवरचे दाणे एकेक करून वेचायला लागले.